खर्जातला आवाज : शोहरे आगदाश्लू यांचा अभिनयप्रवास

एका परक्या बाईच्या तळव्यात खिळा घुसला आहे. ज्या घराच्या आवारात ती उभी आहे ते काही दिवसांपूर्वीपर्यंत तिचेच होते. कराच्या चुकीच्या नोंदीपायी सरकारने ते लिलावात काढले आणि इराणातून परागंदा झालेल्या एका कर्नलने विकत घेतले. कर्नलची पत्नी नादी हिला यातले काहीच ठाऊक नाही. ती जखमी बाईची शुश्रूषा करते, मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिची विचारपूस करते. व्हादिम पेरेलमन दिग्दर्शित 'हाउस ऑफ सँड अँड फॉग' (२००३) या चित्रपटातील हा प्रसंग छोटासाच आहे. पण शोहरे आगदाश्लू यांचे सामर्थ्य समजून घ्यायचे तर सुरुवात येथूनच करावी लागते. इंग्रजी चित्रपटात परकीयाची तोडकी भाषा बहुधा हसण्यासाठी वापरतात, नाहीतर कीव येण्यासाठी. येथे नादीचे शब्द अपुरे पडतात, पण ती स्वतः कोठेही अपुरी वाटत नाही. तो खर्जातला, किंचित घोगरा आवाज व्याकरणाच्या चुकांसकट समोरच्याला धीर देतो.

या भूमिकेसाठी त्यांना न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिस येथील समीक्षकांचे पुरस्कार मिळाले, आणि २००४ साली साहाय्यक अभिनेत्रीच्या ऑस्करसाठी नामांकनही लाभले. ऑस्कर मिळाले नाही. तेव्हा त्यांच्या वयाची पन्नाशी उलटून गेली होती, आणि अमेरिकेतील बहुतेकांना हे नाव नवे होते. इराणी रसिकांना ते नवे नव्हते.

१९५२ साली तेहरानमध्ये जन्मलेल्या शोहरे यांची जडणघडण तेथील 'कारगाहे नमायश' या प्रायोगिक नाट्यसंस्थेत झाली. अब्बास किआरोस्तामी यांच्या 'गोझारेश' (१९७७) मध्ये त्यांनी लाचेचा आळ आलेल्या करखात्यातील नोकराची पत्नी रंगवली. संसारातली रोजची कुरबुर, पैशांची चणचण, मूल आणि शेवटी जीव देण्यापर्यंत गेलेली निराशा, हे सारे तिथे आरडाओरड्याविना घडते. अली हातमी यांच्या 'सूते-देलान'नेही त्यांचे नाव झाले. आणि मग १९७९ ची क्रांती आली. शोहरे मोटारीने युरोप ओलांडून इंग्लंडला पोहोचल्या; पती, ख्यातनाम चित्रकार आयदीन आगदाश्लू, मायदेशीच राहिले. पुढे दोघे विभक्त झाले. चित्रकार निर्वासित झाला तरी रंग त्याच्याबरोबर जातात. नटीची भाषा मात्र सीमेवरच जप्त होते! लंडनमध्ये त्यांनी राज्यशास्त्राचा अभ्यास केला तो, मला वाटते, याच जाणिवेतून.

१९८७ मध्ये त्या लॉस एंजेलिसला गेल्या आणि नट व नाटककार हुशंग तूझी यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. त्यानंतरची कित्येक वर्षे या जोडप्याने परदेशांत विखुरलेल्या इराणी प्रेक्षकांसमोर फारसी नाटके केली. हॉलिवूडच्या हिशेबात ही वर्षे धरलीच जात नाहीत. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचा कणा तोच आहे. ज्या प्रेक्षकाचे घर हरवले आहे त्याला दोन तास त्याची भाषा ऐकवायची, हे काम वर्षानुवर्षे केलेल्या नटीलाच नादी इतकी आतून कळू शकते.

नामांकनाने दारे उघडली, पण कोणती? २००५ साली '२४' या दूरदर्शन मालिकेत त्यांना लॉस एंजेलिसमध्ये दबा धरून बसलेल्या दहशतवादी कुटुंबातील आईची भूमिका मिळाली. ती स्वीकारल्याबद्दल अनेक इराणी बांधव नाराज झाले. ती नाराजी मला अनाठायी वाटत नाही. मुलाचा जीव आणि पतीचा पंथ यांच्या कात्रीत सापडलेली आई त्यांनी उत्तम उभी केली हे खरे. पण अभिनय जितका खरा, तितका मूळचा पूर्वग्रहही खरा भासतो, हा अशा भूमिकांतला धोका आहे.

'द स्टोनिंग ऑफ सोराया एम.' (२००८) विषयीही माझे मन द्विधा आहे. भाचीला दगडांनी ठेचून मारल्याची हकिकत झाहरा एका पत्रकाराला सांगते. हा पत्रकार म्हणजे 'द पॅशन ऑफ द ख्राइस्ट'मध्ये प्रभू येशू साकारणारे जिम कॅव्हिझेल. ध्वनिमुद्रकासमोर बसून झाहरा बोलू लागते तेव्हा आपण श्वास रोखतो. पुढे दिग्दर्शक आक्रोश मागतो, आणि आक्रोशात हा आवाज आपले वेगळेपण गमावतो. उलट 'हाउस ऑफ सद्दाम' (२००८) मधील सद्दामची पत्नी साजिदा अपमान गिळते आणि त्यातूनच भीतिदायक होते. त्या भूमिकेने त्यांना २००९ चा एमी पुरस्कार दिला.

आपल्या वाचकांपैकी काहींनी त्यांना वेगळ्याच रूपात पाहिले असेल. 'द नेटिव्हिटी स्टोरी' (२००६) या व्हॅटिकनमध्ये पहिला खेळ झालेल्या पहिल्या कथाचित्रपटात मरियेच्या भेटीचा प्रसंग आहे. त्यातील वयस्क, गर्भवती एलिझाबेथ म्हणजे शोहरे. चित्रपट एकंदरीत नाताळच्या भेटकार्डासारखा गुळगुळीत. मात्र एलिझाबेथचे घर राहते वाटते. रंगभूमीवरही, २०१२ साली लंडनच्या अल्मेडा नाट्यगृहात, त्यांनी लोर्काची बर्नार्दा आल्बा केली. त्या प्रयोगात स्पेनमधले खेडे इराणमध्ये नेले होते. पाच मुलींना शोकाच्या नावाखाली कोंडणारी ही आई म्हणजे नादीची पुरती उलटी बाजू.

आणि मग साडी. 'द एक्स्पान्स' (२०१५-२२) या अंतराळकथेत त्या क्रिसजेन अवसरला झाल्या. आडनाव तेलुगू, अंगावर साड्या आणि दागिने, तोंडी अस्सल शिव्या आणि हाती पृथ्वीचे राजकारण. भारतीय कानाला त्यांचे उच्चार भारतीय वाटत नाहीत. 'पूर्वेकडची' म्हणून कोणीही कोठेही चालते, ही हॉलिवूडची जुनी खोड येथेही आहेच. पण तक्रार करताना आठवावे लागते की नादीचा इराणी पती झाले होते ते बेन किंग्जली, म्हणजे जन्मनावाने कृष्णा भानजी, गुजराती वंशाच्या पित्याचे पुत्र. तेव्हा ही देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झाली आहे.

मोहम्मद रझा असलानी यांच्या 'शतरंज-ए-बाद' (१९७६) मध्ये शोहरे यांनी एका धनिक घरातील दासीची भूमिका केली होती. क्रांतीनंतर चित्रपटावर बंदी आली आणि तो नष्टच झाला असे मानले गेले. २०१४ साली त्याच्या मूळ प्रती तेहरानच्या एका जुन्या सामानाच्या दुकानात दिग्दर्शकाच्या मुलांना सापडल्या. २०२० मध्ये चित्रपट दुरुस्त होऊन परदेशांत झळकला. चोवीस वर्षांची ती दासी दिव्यांच्या पिवळ्या उजेडात वाड्यातून वावरते, मालकिणीकडे पाहते. पाहण्याची ती तऱ्हा पुढे नादीतही तशीच दिसते.