जुळलेला वक्र काय सांगतो?

संगणकाने बिंदूंमधून सुबक वक्र काढून दिला की निष्कर्ष हाती आला, हा समज शालेय प्रकल्पांत आम्हाला वारंवार दिसतो. रेवदंड्याच्या खाडीकाठच्या चिखलातील एक नांगी मोठी असलेले खेकडे घ्या. ते ओहोटीला बिळाबाहेर येतात. दोन-तीन दिवसांच्या नोंदींना बारा तासांचा आवर्तकाल धरलेला वक्र छान जुळेल. पण ओहोटी रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा येते. आठवड्यानंतर वक्र जेव्हा खेकडे बाहेर दाखवील, तेव्हा तेथे भरतीचे पाणी असेल! तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, चतुर्थीला साधारण तीन वाजता, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेबही जुळवलेली रेषाच आहे. ती टिकली, कारण तिच्यामागे चंद्र आहे.

झोपेचेही तसेच. एकांतात ठेवलेल्या माणसांच्या नोंदींवरून शरीरातील घड्याळाचा आवर्तकाल २५ तासांच्या आसपास मानला जाई. गणित चुकले नव्हते. त्या माणसांना हवे तेव्हा दिवे लावता येत होते, आणि रात्रीच्या प्रकाशाने हे घड्याळ मागे पडते. झोपेच्या वेळा ठरवून देऊन आणि प्रकाश मंद ठेवून चार्ल्स झाइस्लर व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दिलेला सरासरी आकडा २४ तास ११ मिनिटे आहे.

सात बिंदूंतून सहाव्या घाताची बहुपदी नेमकी जातेच; त्यात कौतुक कसले? शिक्षकांनी शेवटच्या चार दिवसांच्या नोंदी झाकून ठेवाव्यात, उरलेल्यांवर वक्र जुळवू द्यावा आणि मग झाकलेले बिंदू वर्गासमोर उघडावेत.