कॉफीतील जायफळ : एक औचित्यविचार

निपाणीच्या एका परिचित घरी गेल्या पावसाळ्यात घडलेला एक लहानसा प्रसंग या लेखास निमित्त झाला आहे. त्या घरच्या आजींनी आपल्या नेहमीच्या रीतीप्रमाणे म्हशीचे दूध तापवून, त्यात साखर व कॉफीची पूड घालून, वर सहाणेवर उगाळलेल्या जायफळाचे बोट लावून कॉफी केली. बेंगळुरूस नोकरीस असलेली नात रजेवर आली होती. तिने एक घोट घेतला आणि पेला खाली ठेवून म्हणाली, "आजी, ही कॉफी नव्हे गं, ही बासुंदी!" आजी हसल्या. "मग बासुंदी म्हणून पी की," असे म्हणून त्यांनी वेळ निभावून नेली. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी कॉफीची वेळ झाली तेव्हा त्या जागच्या उठल्या नाहीत. "तूच कर बाई, मला कुठे येतंय," एवढेच म्हणाल्या. पन्नास वर्षे आल्यागेल्यास ज्यांनी कॉफी दिली, त्यांनी "मला येत नाही" असे म्हणावे, हे त्या ठिकाणी बसलेल्या मला फार लागले. आजींचे चुकले होते काय? आणि नातीचे तरी खोटे होते काय?

हा प्रश्न एका घरापुरता नाही. पुणे-बेंगळुरू रस्त्यावर निपाणीपासून संकेश्वरावरून बेळगावापर्यंतचा जो टापू आहे, त्यात कॉफीच्या दोन परंपरा एकमेकींत मिसळतात. उत्तरेकडून आलेली मराठी घरातील दुधाची कॉफी व दक्षिणेकडून आलेली फिल्टरची कॉफी या दोन्ही येथे एकाच आळीत, पुष्कळदा एकाच स्वयंपाकघरात नांदतात. १९५६ साली राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या. त्या रेषेचा वाद अद्याप न्यायालयात आहे. पण कॉफीची सीमा कोणी आखली नव्हती, आणि म्हणूनच तिच्या बाबतीत घोटाळाही अधिक झाला. धारवाडची सून निपाणीस आली आणि फिल्टर घेऊन आली. बेळगावची लेक कोल्हापुरास गेली आणि तेथे जायफळ शिकली. कोंकणी बोलणाऱ्या घरांत तर कारवार-कुमट्याची एक तिसरीच वहिवाट होती.

या तिसऱ्या वहिवाटीपासून आरंभ करणे सोयीचे आहे, कारण मूळ भेद तिच्यामुळे नीट कळतो. समुद्रकाठच्या आपल्या घरांतून धने-जिरे भाजून, कुटून, पाण्यात उकळून, गूळ व दूध घालून कषाय करण्याची पद्धत जुनी आहे. या घरांत कॉफी आली तेव्हा ती कषायाच्या पाटावर बसली, असे मला वाटते. आधी पाण्यात अर्क काढावयाचा आणि मग त्यास दुधाची जोड द्यावयाची, ही कल्पना तेथे परकी नव्हती. 'डिकॉक्शन' या शब्दाचा अर्थ तरी दुसरा काय? काढाच. देशावरील मराठी घरात मात्र कॉफी वेगळ्या दाराने आली. तेथे चहा हा रोजचा, आणि कॉफी ही पाहुण्यांची, आजारी माणसाची, उपवासाच्या दिवसाची. अशा मानाच्या पेयास चहाच्या पंक्तीस कसे बसवावे? म्हणून ते खिरीच्या, बासुंदीच्या पंक्तीस बसले, आणि ज्या जायफळ-वेलदोड्याने पुरणपोळी व श्रीखंड सजत असे त्यानेच तेही सजले. नातीने थट्टेने उच्चारलेला 'बासुंदी' हा शब्द वस्तुतः निर्भेळ सत्य होता. तिची चूक एवढीच, की तिने ते दूषण म्हणून सांगितले.

अकराव्या शतकातील काश्मीरचा पंडित क्षेमेंद्र याने 'औचित्यविचारचर्चा' या ग्रंथात काव्याचे जीवित औचित्यात पाहिले. अलंकार आपल्या जागी असेल तर शोभा. जागा चुकली तर तोच अलंकार हास्यास कारण. स्वयंपाकघरातील वादास इतका थोर साक्षीदार बोलावल्याबद्दल वाचक मला क्षमा करतील. परंतु कॉफीचा न्याय याहून चांगल्या कसोटीने होईल असे मला दिसत नाही. जायफळ शुद्ध की अशुद्ध, चिकोरी पाप की पुण्य, हे प्रश्न निरर्थक आहेत. कोणत्या कॉफीत काय व केव्हा, हा खरा प्रश्न.

या कसोटीवर आधी आजींची कॉफी लावून पाहू. म्हशीच्या दुधात सहा-सात टक्के स्निग्धांश असतो, गाईच्या दुधाच्या जवळजवळ दीडपट. अशा दाट दुधात कॉफीचा कडूपणा बोथट होतो, आणि तिचा नाजूक सुवासही दबतो. तेथे काहीतरी वरच्या सुरात बोलणारे हवे असते. ते काम जायफळ करते. म्हणजे जायफळ हे येथे ओढूनताणून आणलेले नाही, त्यास कारण आहे. परंतु जायफळाचा गंध उडून जाणाऱ्या तेलात असतो. दुधाबरोबर ते दहा मिनिटे उकळले तर गंध माजघरात जातो आणि पेल्यात उरतो तो किंचित तुरट कडवटपणा. म्हणून पातेले खाली उतरल्यावरच ते घालावे. कॉफीच्या पुडीचेही तसेच. दूध-साखरेस उकळी येऊ द्यावी, पूड घालावी, एकदा वर आले की उतरवून झाकण ठेवावे, आणि तीन-चार मिनिटांनी गाळावे. आजी हे सर्व करतात. त्यांना कोणी कारणे सांगितली नव्हती, हात शिकला होता. पण आज बहुसंख्य घरांत जी 'मराठी कॉफी' म्हणून मिळते तीत पूड व दूध एकत्र खदखदत ठेवलेले असते आणि जायफळाची डबीतील महिनोन्‌महिने जुनी भुकटी मुठीने पडलेली असते. तेथे जायफळ हा अलंकार नसून पांघरूण आहे. खाली कॉफी नाही, हे झाकण्यासाठी घातलेले.

आता नातीची बाजू. बाबा बुडन यांनी सतराव्या शतकात येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरावर लावल्या, ही आख्यायिका सर्वांस ठाऊक आहे. त्याच मुलखात पिकणाऱ्या दाण्याचा खरा गुण ज्यास जाणावयाचा असेल त्याने फिल्टरच्या वाटेस गेले पाहिजे, यात संशय नाही. भाजलेल्या दाण्याच्या वजनापैकी सुमारे ३० टक्के भाग पाण्यात उतरू शकतो. पण १८ ते २२ टक्क्यांपर्यंत उतरला तोच गोडवा, त्यापुढे उतरतो तो कडूपणा. फिल्टरची सारी करामत या एका थांबण्यात आहे. वरच्या भांड्यात तीन डाव भरून, म्हणजे सुमारे ३० ग्रॅम पूड घ्यावी. चमच्याने हलकेच सारखी करावी, दडपू नये. दांडीची चकती वर ठेवावी, आणि दीडशे-पावणेदोनशे मिलिलिटर पाणी आधी थोडे, मग उरलेले असे ओतावे. पूड भिजून फुगली की पाणी वाट काढू लागते. पंधरा-वीस मिनिटांत जो अर्क खाली जमतो तो तीन-चार पेल्यांस पुरतो. पाणी किती तापलेले असावे? ९२ ते ९६ अंश. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० फूट उंच असल्यामुळे येथे पाणी ९७-९८ अंशांसच उकळते. शेगडीवरून उतरवून अर्धा मिनिट थांबले की काम झाले. समुद्रकाठच्या आपल्या बांधवांस याहून किंचित अधिक थांबावे लागेल.

इतके सांगूनही फिल्टरवाल्यांच्या घरी मी जी कॉफी पितो ती पुष्कळदा वाईट असते, हे लिहिणे प्राप्त आहे. सकाळी काढलेले डिकॉक्शन दुपारी चार वाजता पुन्हा उकळून दिले जाते. मग थांबण्याची ती कला कोठे राहिली? तापवावयाचे ते दूध, अर्क नव्हे, हा नियम फिल्टर विकणाऱ्या दुकानदारासही माहीत असतो, पण घरात तो रोज मोडतो. दुसरा दोष पुडीचा. भाजलेला दाणा दळला की त्याचा सुवास दिवसागणिक उडतो. दोन आठवड्यांनंतरची पूड म्हणजे रंग व कडूपणा. आपल्या भागातील चार महिन्यांच्या ओल्या हवेत तर ती त्याहून लवकर मरते. आणि तरीही आपण वाण्याच्या मालासारखी ती किलोने भरून ठेवतो! दळून देणाऱ्या दुकानातून आठवड्यापुरती शंभर-सव्वाशे ग्रॅम आणावी व घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी, यास खर्चही अधिक येत नाही.

चिकोरीविषयी दोन शब्द. ती एका वनस्पतीची भाजलेली मुळी. तीत कॅफीन नाही. ती रंग देते, अंग देते, आणि अर्क सावकाश उतरावयास लावते. शंभरात वीस भाग असली तर दुधाच्या कॉफीत ती शोभते; आमच्या कानडी शेजाऱ्यांची जीभ तिच्यावरच घडली आहे. कायद्याने मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के असावी लागते व प्रमाण वेष्टणावर छापावे लागते. म्हणजे जवळजवळ अर्धी चिकोरी असलेली पुडी 'कॉफी' या रुबाबात कोणीही घरी आणू शकतो. वेष्टण वाचण्याची सवय नसणाऱ्यांनी मग नळाच्या पाण्यास बोल लावू नये.

अलीकडे बेळगावातही जी नवी कॉफीगृहे निघाली आहेत त्यांतील तरुण मंडळी दूध, साखर, चिकोरी व जायफळ या चौघांनाही एकाच दमात बाहेर काढतात. त्यांचे ऋण मी मानतो. दाणा कोणत्या मळ्यातला, केव्हा भाजला, हे विचारावयास त्यांनी शिकविले. १९९६ पर्यंत मळेवाल्याचा माल कॉफी बोर्डाच्या सामायिक कोठारातून जात असे, आणि घरापर्यंत येणाऱ्या पुडीस गाव-गोत्र नसे. आता मळ्यातून थेट दाणे मागविता येतात, हा लाभ थोडा नव्हे. परंतु दुधाविना प्यावयाची कॉफी हीच काय ती कॉफी, असे जेव्हा ही मंडळी म्हणतात तेव्हा ती अभंगास शार्दूलविक्रीडिताची मोजपट्टी लावतात. आणि त्यांच्या उलट, 'आमच्या आजीची ती अमृत' असे डोळे मिटून म्हणणारेही तितकेच दोषी. आजीच्या हातचे म्हणून चांगले, हे प्रेम आहे, आस्वाद नव्हे. बाटलीतील विरघळणारी पूड फेटून वर जायफळ टाकणारी पिढीही आजीचेच नाव सांगते.

आपल्या उत्सवांविषयी मौन पाळणे सोपे होते, पण ते प्रामाणिक नव्हे. समाराधनेच्या दिवशी पंगती उठल्यावर जी कॉफी मंडपात फिरते, तिचे पातेले कित्येक ठिकाणी पहाटेपासून मंद विस्तवावर असते. सार-भात, खीर, उपकरी यांकडे जो आचारी डोळ्यांत तेल घालून पाहतो, तोच कॉफीस उरल्यासुरल्या दुधाची धनीण करतो. दोनशे माणसांस प्रत्येकी ताजी कॉफी देता येत नाही, हे मान्य. पण अर्क वेगळ्या भांड्यात काढून ठेवावा, तो चुलीवर चढवू नये, आणि कढत दुधात वेळेवर मिसळावा, एवढे एखाद्या स्वयंसेवकास सहज सांगता येईल. बेळगावकडील एका देवळात तसे होत असलेले मी पाहिले आहे. तेथे लोक दुसरा पेला मागत होते.

निपाणीच्या त्या घरी मी पुन्हा गेलो तो कोजागरीच्या आदल्या दिवशी. ओट्यावर नातीने ठेवून गेलेला फिल्टर होता, आणि शेजारी सहाण. आजींनी फिल्टरचा अर्क काढला, म्हशीच्या दुधात घातला, चव पाहिली आणि म्हणाल्या, "याला जायफळ नको." मग माझ्याकडे पाहून पातेल्यात वेगळे दूध ओतले. "तुम्हाला मात्र आमचीच करते." पूड पडली, एक उकळी आली, पातेले उतरले, झाकण बसले. सहाणेवर जायफळ फिरविताना त्यांनी नातीला फोन लावावयास सांगितला. दुधाचे आणि अर्काचे प्रमाण तिला विचारावयाचे राहिले होते.