सूर्याचे पान आणि सूर्यफूल

वर्ध्यातील आमच्या विद्यार्थ्यांच्या मोबाईलवर हल्ली टॅरोची पाने उघडतात. निकाल, नोकरभरती, लग्न. प्रत्येक प्रश्नाला एक चित्र उत्तर देते. अंधश्रद्धा म्हणून हा प्रकार हिणवणे सोपे आहे. मला त्यातील प्रतिमा तपासावीशी वाटते. कारण निसर्गप्रतिमा कधीच निरागस नसते.

एकोणिसावे पान सूर्याचे. १९०९ साली लंडनमध्ये निघालेल्या प्रसिद्ध संचात पामेला कोलमन स्मिथ यांनी ते ए. ई. वेट यांच्यासाठी रेखाटले. वर तळपता सूर्य, खाली पांढऱ्या घोड्यावर उघडे मूल, मागे भिंत आणि तिच्यावरून डोकावणारी सूर्यफुले. अर्थ सांगतात: आनंद, यश, भरभराट. ढगाळ इंग्लंडात ऊन म्हणजे सुख, हे समजू शकते. पण पारा ४५ अंशांवर गेला असता शेतात पऱ्हाट्या उपटणाऱ्या मजूर बाईने या चित्रात कोणता आनंद वाचावा? तिचे उघडे पोर घोड्यावर नसते. बांधावरच्या बाभळीच्या विरळ सावलीत निजलेले असते. सूर्य एकच, तो कोणाच्या डोक्यावर आहे, यावर त्याचा अर्थ ठरतो. आणि ती भिंत? भाष्यकारांना ती बागेची भिंत दिसते. गावकुसाबाहेर वाढलेला वाचक विचारणारच: बाग कोणाची, आणि आपण भिंतीच्या कोणत्या बाजूला?

नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’तील (१९७२) एका गाजलेल्या कवितेतही सूर्यफूल आहे. बाबासाहेबांनी दिलेल्या प्रकाशाची खूण म्हणून ते वाचले जाते. फरक व्याकरणातच आहे. टॅरोचे पान भविष्यकाळात बोलते: यश मिळेल. ढसाळांची कविता विध्यर्थात बोलते. वळण्याचे काम ती वाचकावर टाकते. पहिले सूर्यफूल माणसाला वाट पाहायला लावते, दुसरे त्याला उभे करते.

दीघनिकायातील पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजालसुत्तात, ग्रहण, पाऊस आणि दुष्काळ यांची भाकिते सांगून पोट भरणे हीन विद्या मानले आहे. निसर्ग हा संकेत देणारा देव नव्हे. तो कार्यकारणाने चालतो. समाजही तसाच. भरती रखडते, शिष्यवृत्ती अडते, त्याचे कारण पानात नसते. ते धोरणात असते, कार्यालयात असते, जातीत असते. कारण विचारण्याची आमच्या पोरांची सवय आत्ता कुठे रुजते आहे. एक सुंदर चित्र ती सवय मोडू शकते. म्हणूनच प्रतिमेच्या मुळाशी जाणे हा समीक्षेचा छंद नाही, ते तिचे सामाजिक काम आहे.