‘संदर्भ जतन केला जातो’ : एका वाक्याची चिकित्सा

मायक्रोकंट्रोलरविषयक एका प्रयोगपुस्तिकेचे मराठी रूप भाषेच्या दृष्टीने तपासण्याचे काम काही काळापूर्वी प्रस्तुत लेखकाकडे आले होते. त्या पुस्तिकेत, आणि पडताळणीसाठी पाहिलेल्या अन्य पाठ्यपुस्तकांतही, एक वाक्य थोड्याफार फरकाने वारंवार आढळले : ‘इंटरप्ट आल्यावर प्रोसेसरचा संदर्भ जतन केला जातो व काम संपताच तो पूर्ववत केला जातो.’ वाक्य व्याकरणशुद्ध आहे, सुबोधही आहे. तथापि बहुतेक यंत्रांच्या बाबतीत ते अपुरे आणि काहींच्या बाबतीत दिशाभूल करणारे आहे. हा दोष केवळ तपशिलाच्या उणिवेचा नसून वाक्यरचनेतच दडलेला आहे, हे दाखविणे हा या टिपणाचा हेतू होय.

विषय थोडक्यात असा. प्रोग्राम चालू असता बाहेरून एखादी सूचना येते. प्रोसेसर हातातले काम थांबवून त्या सूचनेची दखल घेणाऱ्या हँडलरकडे वळतो आणि ते आटोपल्यावर मूळ जागी परततो. मूळ प्रोग्राम आणि हँडलर हे दोघेही तीच मोजकी रजिस्टरे वापरतात. म्हणून मूळ प्रोग्रामची मूल्ये स्टॅकवर ठेवून परतताना ती पुन्हा भरावी लागतात. या मूल्यांच्या समुच्चयास ‘संदर्भ’ म्हणतात.

आता वाक्याकडे वळू. ‘जतन केला जातो’ ही रचना आपल्या व्याकरणकारांच्या परिभाषेत कर्मकर्तरी किंवा नवीन कर्मणी प्रयोगाची आहे. या प्रयोगात कर्ता ‘कडून’ हे शब्दयोगी अव्यय घेऊन येतो आणि तो गाळला तरी वाक्य मोडत नाही. ही सोय शास्त्रीय गद्यास प्रिय असते. कारण पुष्कळदा कर्ता कोण हे गौण असते. प्रस्तुत ठिकाणी मात्र ‘कोणाकडून?’ हाच मुख्य प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर यंत्रागणिक बदलते.

मोटोरोलाच्या १९७४ सालच्या ६८०० या प्रोसेसरात उत्तर सरळ होते. इंटरप्ट स्वीकारताना यंत्र स्वतःच प्रोग्राम काउंटर, इंडेक्स रजिस्टर, दोन्ही अ‍ॅक्युम्युलेटर व स्थितिदर्शक रजिस्टर असे एकूण ७ बाइट स्टॅकवर ठेवी. येथे आपले वाक्य जवळजवळ खरे ठरते. परंतु एव्हीआर घराण्यातील एटीमेगा ३२८पी घ्या. तेथे यंत्र केवळ परतीचा पत्ता, म्हणजे २ बाइट, ठेवते. स्टेटस रजिस्टरही ठेवीत नाही. आपल्या अभ्यासक्रमांत दीर्घकाळ शिकविल्या गेलेल्या ८०५१ चीही गत तीच. हँडलर सी भाषेत लिहिला असेल तर उरलेले काम कंपायलर करतो. असेंब्लीत लिहिला असेल तर ते लिहिणाऱ्यानेच करावयाचे असते.

या भेदाचे फळ काय होते ते पाहावे. मूळ प्रोग्रामने दोन संख्यांची तुलना केली; निकाल स्टेटस रजिस्टरात नोंदला गेला; पुढची सूचना त्या निकालावरून वाट ठरविणार, इतक्यात इंटरप्ट आला. हँडलरने एक बेरीज केली आणि तो निकाल पुसला गेला. परत आल्यावर प्रोग्राम भलतीच वाट धरतो. असा प्रमाद हजार वेळा घडत नाही आणि एकदाच घडतो. पुन्हा घडवून दाखविता येत नाही. ‘जतन केला जातो’ यावर विसंबलेला विद्यार्थी तो शोधणार तरी कोठे? जतन झालेच आहे, असे त्यास पुस्तकाने सांगितलेले असते.

कॉर्टेक्स-एम ३ मध्ये तर कर्त्यांची वाटणीच झालेली आहे. यंत्र ८ शब्द, म्हणजे ३२ बाइट, ठेवते : आर० ते आर३, आर१२, परतीच्या पत्त्याचे लिंक रजिस्टर, प्रोग्राम काउंटर व स्थितिदर्शक रजिस्टर. आर४ ते आर११ यांचे रक्षण फंक्शनांमधील ठरलेल्या संकेतानुसार कंपायलरकडे येते. हँडलरने त्यांना हात लावलाच नाही तर ती ठेवण्याचे कारणही नसते. एका टास्कवरून दुसऱ्या टास्ककडे जावयाचे असल्यास हीच आठ रजिस्टरे ऑपरेटिंग सिस्टिमला ठेवावी लागतात. तीन कर्ते, तीन हिस्से. आणि आपल्या वाक्यात एकही ‘कडून’ नाही.

दुसरा आक्षेप ‘पूर्ववत’ या शब्दावर आहे. आठ बिटांच्या यंत्रात दोन बाइटांची एक मोजणी हँडलर वाढवीत आहे आणि मूळ प्रोग्राम ती वाचीत आहे, असे समजू. मोजणी २५५ असता प्रोग्रामने खालचा बाइट वाचला : २५५. तेवढ्यात इंटरप्टने मोजणी २५६ केली. परतल्यावर वरचा बाइट वाचला : १. हाती आलेली संख्या ५११. ती पूर्वीही नव्हती आणि नंतरही नाही. रजिस्टरे तर सर्व निर्दोषपणे परत मिळाली होती! भाषाशास्त्रात संदर्भ म्हणजे उक्तीस अर्थ देणारी भोवतालची परिस्थिती. त्या अर्थाने येथील मेमरीही संदर्भातच मोडते. परंतु ती कोणी जतन करीत नाही आणि करावयाचीही नसते, तेवढ्या वाचनापुरता इंटरप्ट रोखावयाचा असतो. म्हणून रजिस्टरांपुरता ‘रजिस्टर-स्थिती’ हा शब्द योजल्यास ‘संदर्भ’ या व्यापक शब्दाने दिलेले खोटे आश्वासन टळेल.

यावर असे म्हटले जाईल की, प्रवेशपाठात इतका तपशील कसा द्यावा? आक्षेप योग्य आहे. पण तपशिलाची मागणी येथे नाहीच. ‘प्रोसेसर परतीचा पत्ता ठेवतो, वापरलेली रजिस्टरे व स्टेटस रजिस्टर हँडलरने ठेवावीत व परत भरावीत,’ हे एटीमेगासाठी लिहिलेले वाक्य फारसे लांब नाही. त्यात दोन कर्ते आहेत, दोन कर्मे आहेत, आणि विद्यार्थ्याचे कर्तव्य विध्यर्थात सांगितलेले आहे.

मोटोरोलाच्याच ६८०९ या पुढच्या प्रोसेसरात दोन रीती होत्या. साध्या इंटरप्टला १२ बाइट ठेवले जात, शीघ्र इंटरप्टला केवळ ३. परतताना घोटाळा होऊ नये म्हणून किती ठेवले याची खूण स्थितिदर्शक रजिस्टरातील एका बिटावर केलेली असे. ‘किती’ हे नोंदविल्यावाचून ‘पूर्ववत’ करता येत नाही, हे ते यंत्र बनविणारे जाणून होते. यंत्राविषयी लिहिणाऱ्याने ‘किती’ बरोबर ‘कोणी’ हेही नोंदवावे, एवढीच येथील अपेक्षा आहे.