थांबणारा निरोप्या : ‘ईमॅक्सक्लायंट’चे एक परीक्षण

एखाद्या साधनाची ख्याती ज्या गुणामुळे झालेली असते तोच त्याचा मुख्य गुण असतो असे नाही. ‘ईमॅक्सक्लायंट’ या छोट्याशा प्रोग्रॅमच्या बाबतीत हे विशेषेकरून खरे आहे. टर्मिनलवरून एखादी फाईल उघडावयाची. परंतु त्यासाठी नवा एडिटर सुरू न करता, आधीच चालू असलेल्या ईमॅक्सला ती उघडावयास सांगावयाची, एवढेच त्याचे काम. त्याची शिफारस करणारे बहुधा एकच कारण पुढे करतात, आणि ते म्हणजे वेग. फाईल क्षणात उघडते, एडिटर सुरू होण्याची वाट पाहावी लागत नाही, असे ते म्हणतात. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, वेग हा या साधनाचा आनुषंगिक गुण होय. त्याचे मर्म ‘थांबणे’ या क्रियेत आहे, आणि त्याचे गुणदोषही याच निकषावर जोखले पाहिजेत.

वेगाचा मुद्दा एके काळी सयुक्तिक होता, हे मान्य केले पाहिजे. ईमॅक्सचा उगम १९७६ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत, टेको या एडिटरसाठी लिहिलेल्या मॅक्रोंच्या संचातून झाला. रिचर्ड स्टॉलमन यांनी नव्याने रचलेला ग्नू ईमॅक्स १९८५ मध्ये लोकांपुढे आला. त्याच्या पोटात लिस्प या भाषेची संपूर्ण यंत्रणा असल्यामुळे तो त्या काळाच्या मानाने अवजड होता. ‘आठ मेगाबाइट आणि अखंड स्वॅपिंग’ असा त्याच्या नावातील अक्षरांचा विनोदी विस्तार रूढ झाला, तो उगाच नव्हे. अशा एडिटरला वारंवार उठविण्यापेक्षा एकदाच जागा करून ठेवणे शहाणपणाचे होते. २००९ मध्ये तेविसाव्या आवृत्तीत तर खिडकीवाचून, पडद्याआड चालत राहणारा ‘डीमन’ही आला. परंतु आज ज्या यंत्रांवर आपण काम करतो त्यांना आठ मेगाबाइटांचे ओझे वाटत नाही. वेग हेच जर या साधनाचे सर्वस्व असते, तर यंत्रे बलवान होताच त्याचे महत्त्व ओसरावयास हवे होते. ते ओसरले नाही. याचे कारण दुसरीकडे शोधले पाहिजे.

ते कारण युनिक्समधील एका जुन्या संकेतात सापडते. एखाद्या प्रोग्रॅमला मनुष्याकडून मजकूर लिहून हवा असला म्हणजे तो स्वतः एडिटर बनत नाही. तो एक फाईल तयार करतो, ‘एडिटर’ या परिवेश-चलात ज्याचे नाव असेल त्या प्रोग्रॅमला ती देतो, आणि तो संपेपर्यंत थांबतो. तो संपला की फाईल वाचून पुढचे काम सुरू करतो. गिटमधील कमिटचा संदेश याच रीतीने लिहिला जातो. क्रॉनची सारणीही याच रीतीने बदलली जाते. या करारात ‘मजकूर लिहून झाला’ असे सांगणारा वेगळा शब्दच नाही. एडिटरचे संपणे हाच तो शब्द.

आता अडचण स्पष्ट होईल. जो एडिटर सकाळपासून चालू आहे आणि ज्यात अन्य दहा फाईली उघड्या आहेत, तो एका संदेशासाठी संपणार कसा? त्याच्या वतीने संपणारे दुसरे कोणीतरी हवे. ईमॅक्सक्लायंट हा तो ‘दुसरा’ होय. तो सॉकेटमार्गे चालू ईमॅक्सला फाईलचा पत्ता कळवितो आणि दाराशी बसून राहतो. लेखक मजकूर पुरा करून कंट्रोल-एक्स व पाठोपाठ # ही कळ दाबतो. ईमॅक्स फाईल साठवून निरोप धाडतो. तेव्हाच क्लायंट संपतो. फाईली अनेक दिल्या असतील, तर शेवटची पुरी होईपर्यंत तो हलत नाही. ‘क्लायंट’ या शब्दाला आपण ‘ग्राहक’ हा पर्याय योजतो. परंतु येथे तो दिशाभूल करणारा आहे. हा काही घेण्यासाठी आलेला नाही. पत्र देऊन जबाबासाठी तिष्ठत बसणाऱ्या जुन्या काळच्या जासुदाशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे.

न थांबण्याचा पर्यायही त्याला आहे. ‘-एन’ ही खूण दिली की तो पत्र टाकून लगेच परततो. परंतु मूळ स्वभाव थांबण्याचा. या दृष्टीने अन्य एडिटरांशी तुलना उद्बोधक ठरते. व्हिम या एडिटरात ‘रिमोट’ हा पर्याय थांबत नाही. थांबावयाचे तर ‘रिमोट-वेट’ असे निराळे सांगावे लागते. व्हिज्युअल स्टुडिओ कोडची ‘कोड’ ही आज्ञाही तत्काळ परतते. तिला ‘वेट’ जोडावे लागते. फरक एका शब्दाचा दिसतो. वस्तुतः तो भूमिकेचा आहे. ही दोन साधने असे गृहीत धरतात की हाक मारणारा मनुष्य आहे, आणि त्याला टर्मिनल लगेच मोकळे हवे. ईमॅक्सक्लायंट असे गृहीत धरतो की हाक मारणारा बहुधा प्रोग्रॅम आहे, आणि त्याला उत्तर हवे. मनुष्याला यात थोडी गैरसोय होते. तथापि चुकीची किंमत दोन्हीकडे सारखी नाही. विनाकारण थांबलेला क्लायंट डोळ्यांना दिसतो. अवेळी परतलेला दिसत नाही.

हे दुसरे विधान प्रस्तुत लेखकाने स्वतःच्या चुकीतून शिकलेले आहे. एका जुन्या गद्यग्रंथाच्या पाठचिकित्सेचे काम गिटमध्ये ठेवलेले असताना, टर्मिनल अडून राहते म्हणून त्याने ‘-एन’ ही खूण एडिटरच्या चलातच घालून ठेवली. नवा कमिट करताना गिटला रिकामा संदेश मिळे आणि ते काम नाकारी. तेथवर ठीक होते. परंतु आधीचा कमिट सुधारताना जुना संदेश फाईलमध्ये आयताच असतो. क्लायंट तत्क्षणी परतला, गिटने जुनाच संदेश पक्का केला, आणि अमुक पाठ का स्वीकारला याचे नंतर स्वस्थपणे लिहिलेले विवेचन कोणीही न वाचणाऱ्या फाईलमध्ये राहिले. कोठेही त्रुटीची सूचना आली नाही. नोंदवही शाबूत होती. फक्त तिच्यात लिहिलेली कारणे निराळ्याच पाठाची होती.

येथवर स्तुती झाली. आता या निरोप्याचा मोठा दोष सांगितला पाहिजे. तो थांबत असे, परंतु त्याला दीर्घकाळ एकच उत्तर नेता येई : ‘झाले’. लिहिता लिहिता मन बदलले, हा कमिट नकोच असे वाटले, तर ते कळविण्यासाठी स्वतंत्र आज्ञा नव्हती. बफर बंद केला तरी क्लायंट यशस्वीपणेच संपे. मग संदेश पुसून रिकामी फाईल साठविणे, म्हणजे नकार मौनाने सुचविणे, एवढाच उपाय उरे; आणि गिट रिकामा संदेश नाकारते म्हणूनच तो चाले. व्हिममध्ये ‘:सीक्यू’ ही आज्ञा एडिटरला अपयशाचा संकेत देऊन संपविते, आणि गिट ते ओळखून थांबते. ईमॅक्समध्ये ‘सर्व्हर-एडिट-अबॉर्ट’ ही समकक्ष आज्ञा २०२२ मध्ये, अठ्ठाविसाव्या आवृत्तीत आली. तिला आपली अशी कळ मात्र मूळ मांडणीत दिलेली नाही. होकाराला कळ आहे, नकाराला लांबलचक नाव. या विषमतेचे समर्थन करणे कठीण आहे. जबाब आणणाऱ्याने नकारही तितक्याच सहजतेने आणला पाहिजे, नाहीतर त्याच्या होकाराचे मोल कमी होते.

दुसरा आक्षेप एकाच प्रक्रियेवर सारे विसंबण्याचा आहे. डीमन कोसळला तर सर्व उघड्या फाईलींचे न साठविलेले काम एकदम धोक्यात येते. त्याने चालविलेले प्रोग्रॅम सामान्यतः तो जागा झाला त्या वेळच्याच परिवेशात चालतात. टर्मिनलमध्ये नंतर बदललेली चले त्यांना कळतीलच असे नाही. शिवाय क्लायंट केवळ फाईल उघडत नाही. लिस्पमधील कोणतीही आज्ञा तो ईमॅक्सकडून करवून घेऊ शकतो. म्हणून ज्याच्या हाती सॉकेट, त्याच्या हाती वापरकर्त्याचे सर्व अधिकार. सॉकेट ठेवण्याची जागा अन्य कोणाला खुली असेल तर ईमॅक्स तेथे सर्व्हर सुरू करण्यास नकार देतो, ही दक्षता योग्यच आहे. हे आक्षेप खरे आहेत. परंतु ते दीर्घजीवी एडिटरवरचे आहेत, निरोप्यावरचे नव्हेत.

सारांश, ईमॅक्सक्लायंटचे मूल्यमापन सेकंदांत करणे म्हणजे जासुदाची पारख घोड्याच्या चालीवरून करणे होय. लेखन पुरे झाले की नाही, हे लेखकावाचून कोणासही ठरविता येत नाही, आणि यंत्राने ते परस्पर ठरवू नये. दीर्घकाळ हा प्रोग्रॅम एवढी एक मर्यादा पाळीत आला आहे. जे विद्यार्थी आपले प्रबंध आणि संहिता अशा साधनांवर सोपवितात, त्यांनी टर्मिनल मोकळे करण्याच्या घाईत ही मर्यादा काढून टाकू नये.