एक आजारपण, दोन बोलपट

मास्टर विनायक यांनीं दिग्दर्शित केलेले 'छाया' (१९३६) आणि 'ब्रँडीची बाटली' (१९३९) हे बोलपट आतां विस्मृतींत गेले आहेत. दोहोंतही कथेला चालना मिळते ती घरांतल्या आजारपणामुळें. खांडेकरांच्या 'छाये'त आजारी पत्नीला वाचविण्यासाठीं पति चोरी करतो, आणि त्याच्या तुरुंगवासाचा कलंक मुलांच्या मागें लागतो. समाजाच्या निष्ठुरतेवरील हा आरोप खरा आहे. पण तो सिद्ध करण्यासाठीं संकटांवर संकटें इतकीं रचलीं आहेत कीं अखेर माणसें दिसेनाशीं होऊन केवळ आरोपपत्रच समोर उरतें.

अत्र्यांच्या बगारामाचें तसें नाहीं. मालतीच्या भावाला ब्रँडी हवी, आणि ती कोठें मिळते याचा ह्या भोळ्या कारकुनाला पत्ताच नाहीं! (मुंबईंत दारूबंदी आली तीही १९३९ च्याच ऑगस्टमध्यें.) दामुअण्णा मालवणकरांचे तिरळे डोळे हंशा सहज पिकवितात, परंतु आम्हांला मोलाची वाटते ती बगारामाची निष्ठा. औषधासाठीं वणवणणाऱ्या त्या माणसाला हंसतां हंसतां त्याची चिंताही आपल्याला लागून राहते. 'छाये'ला जें साधावयाचें होतें, तें याहून फारसें निराळें नव्हतें.