आपत्कालीन नियंत्रण कक्ष आणि इरशाळवाडी : एक चिकित्सा

३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर महाराष्ट्रात आपत्ती नियंत्रण कक्षांची यंत्रणा आकारास आली. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणांना वैधानिक आधार दिला. माहिती संकलित करणे, इशारे पोहोचविणे आणि विविध विभागांत समन्वय साधणे हे नियंत्रण कक्षाचे प्रमुख कार्य होय. प्रस्तुत लेखात खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीच्या दुर्घटनेच्या आधारे या कार्याची चिकित्सा केली आहे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री इरशाळगडाच्या उतारावरील या ठाकर वस्तीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत वाहनाचा रस्ता नव्हता. अवजड यंत्रे वर नेता आली नाहीत आणि खराब हवामानामुळे हेलिकॉप्टरही निरुपयोगी ठरले. बचाव पथकांनी हातांनी माती उपसली. मदतीसाठी डोंगर चढताना अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचा मृत्यू झाला. २३ जुलैला शोधकार्य थांबले, तेव्हा २७ मृतदेह मिळाले होते आणि ५७ जण बेपत्ता होते.

दुर्घटनेनंतरचा समन्वय नाकारता येत नाही. एन.डी.आर.एफ., पोलीस, महसूल व आरोग्य यंत्रणा तसेच स्थानिक गिर्यारोहक एकत्र आले. तथापि, आदल्या दिवसांविषयीचा प्रश्न अधिक मूलभूत आहे. विधिमंडळात दिलेल्या माहितीनुसार १७ ते १९ जुलै या काळात तेथे ४९९ मि.मी. पाऊस झाला होता. मात्र संभाव्य दरडग्रस्त गावांच्या यादीत इरशाळवाडीचे नाव नव्हते. पाऊस मोजला गेला, पण त्या आकड्याला कोणत्या वाडीशी जोडावे हे सांगणारा दुवा नव्हता. ३० जुलै २०१४ रोजी माळीण गाडले गेल्याची वार्ता एका एस.टी. चालकामुळे बाहेर पोहोचली होती. नऊ वर्षांनंतरही डोंगरावरील वस्ती आणि कक्ष यांच्यातील अंतर मिटलेले नव्हते.

यावरून असे म्हणता येईल की, कक्षाचे मूल्यमापन केवळ पथके किती वेळात पोहोचली यावर होऊ नये. यादी हा इशाऱ्याचा एकमेव आधार असेल, तर यादीबाहेरची वस्ती संरक्षणाबाहेरही राहते. म्हणून उतारावरील प्रत्येक वाडीची नोंद, ठरावीक पावसानंतर स्थलांतराचा निश्चित नियम, रात्रीच्या निवाऱ्याची आगाऊ सोय आणि वाडीतच प्रशिक्षित संपर्क-व्यक्ती आवश्यक आहेत. कर्जत-खालापूर परिसरातील महाविद्यालयांचे भूगोल विभाग व राष्ट्रीय सेवा योजनेची पथके यांना या नोंदींत मोलाची भर घालता येईल. अन्यथा समन्वयाची सुरुवात मृत्यूनंतरच होत राहील.